दोन ठोक्यांमधली जागा

बेगम पहिल्यांदा थांबली ती शालिमारच्या चौकात, भर सकाळच्या गर्दीत, आणि टांग्यात मी होते. शाळेला उशीर झालेला, त्यामुळे मी आधीच तापलेली. म्हटलं, "नजीरभाई, तुमच्या बेगमचे नखरे घरी काढा. माझी घंटा चुकली तर हेडमास्तर पोरांऐवजी मलाच वर्गाबाहेर उभं करतील."

नजीर उतरला. घोडीचा उजवा मागचा पाय लटलट कापत होता. ती तो टेकवायची, पुन्हा उचलायची आणि मान वळवून त्याच्याकडं बघायची, हा कुणाचा पाय मला लावलाय म्हणून. सगळं अंग घामानं निथळत होतं आणि तेवढा एक पाय कोरडा ठाक. नजीरनं त्याच्यावर हात ठेवला आणि झटक्यानं काढला.

"बाई, हा तर बर्फ हाय," तो म्हणाला.

थोड्या वेळानं ती आपली आपण निघाली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तेच आणि तिसऱ्या दिवशीही तेच. जरा पळायची, पाय गार पडायचा, की थांबायची. अठ्ठ्याहत्तर साल होतं ते. नाशकात रिक्षा वाढत चालल्या होत्या, आणि वाटेत थांबणाऱ्या घोडीच्या टांग्यात बसायची हौस माझ्याशिवाय कुणाला नव्हती. मी बसायचे ती हौसेनं नव्हे, शेजारधर्मानं.

नजीर आमच्याच गल्लीत, भद्रकालीत राहायचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला तो टांगा सजवून आणायचा, आणि ईदला त्याच्या घरचा शीरखुर्मा सगळ्यात आधी माझ्याकडं यायचा. त्याची बायको हुस्नबानो सिन्नरची. "बाई, माझी सवत दारात बांधलीय आणि तिला चारा मीच घालते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगायची हसत, पण घोडीला खरारा रोज तीच करायची, आणि कुणी बेगमला हडकुळी म्हटलं तर त्याच्याशी भांडायचीही तीच.

मी निवृत्तीला बोलावलं. निवृत्ती माझा धाकटा भाऊ, आमच्या सायखेड्याच्या वस्तीतला पहिला डॉक्टर, आणि तोही जनावरांचा. अजून थोडा शिकला असता तर माणसांचा झाला असता, असं आमच्या आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं. तो गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होता आणि गंगापूर रोडला एका खोलीत परदेशी मासिकांच्या ढिगाऱ्यात राहायचा. मी लग्नाचं नाव काढलं की तो मला त्यातला एखादा लेख वाचून दाखवायचा, म्हणजे मी गप्प बसायचे.

तो आला, शर्ट काढला, हाताला साबण चोळला आणि घोडीच्या शेपटीखालून खांद्यापर्यंत हात आत घातला. हुस्नबानो पदर तोंडाला लावून घरात पळाली. निवृत्ती बराच वेळ डोळे मिटून तसाच उभा राहिला.

"डाव्या पायाकडं जाणारी मोठी रक्तवाहिनी चांगली उडतेय," तो म्हणाला. "उजवीकडची गप्प आहे. आत गुठळी बसलीय. पोटातले जंत कधी कधी रक्तवाहिनीत शिरतात, तिला जखम करतात, मग असं होतं. उभं असताना जेवढं रक्त पोचतं तेवढं पुरतं. चालायला लागलं की पुरत नाही. पाय गार पडतो, पोटरी आवळून येते. थांबलं की बरं वाटतं. पुन्हा चाललं की पुन्हा तेच."

नजीर त्याच्याकडं बघतच राहिला होता.

"डॉक्टरसाब," तो म्हणाला, "हे तुम्ही बेगमचं सांगताय का माझं?"

आणि तो पायरीवर बसला, चप्पल काढली आणि उजव्या पायाला गुंडाळलेली चिंधी सोडली. अंगठा काळानिळा पडला होता. नखाच्या कडेला ओल होती. घोडीनं पाय दिला, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं, आणि त्यापायी हुस्नबानो कितीतरी दिवस त्या मुक्या जनावरावर रुसून होती.

निवृत्तीनं त्याला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितला, मग नजीरची पिवळी बोटं बघितली. विडीनं पायाच्या नळ्या आतून बंद केल्यात, म्हणाले. काळं वर चढणार. विडी आजच बंद करा आणि गुडघ्याखालून पाय काढून घ्या, नाहीतर जीव जाईल. ते बरोबर बोलले होते. त्यांना बोल लावायला मला जागा मिळाली असती तर मी सोडली नसती, पण ते अक्षरन् अक्षर बरोबर बोलले होते.

नजीरनं विडीचं बंडल दवाखान्याच्या दारातच टाकलं. पण हुस्नबानो घरी विड्या वळायची. सिन्नरला त्यांच्या घरात सगळ्याच बायका वळायच्या. पोरी चालायला लागल्या की मांडीवर सूप यायचं. वळताना बिघडलेल्या, कारखान्यानं परत केलेल्या विड्या वाया कशाला घालवा म्हणून नजीर ओढायचा. त्या संध्याकाळी तिनं सूप, पानं, तंबाखू सगळं उचलून नाल्यात फेकलं, आणि परत येऊन स्वतःच्या बोटांकडं अशी बघत बसली की मला ते हात झाकून टाकावेसे वाटले.

"पाय नाय द्यायचा," नजीर म्हणाला. दुसरं काही ऐकूनच घेईना.

मी समजावलं. म्हटलं, टांगा हातांनी हाकतात, पायानं नाही.

"चढायला पाय लागतो, बाई. उतरायला लागतो. नमाजला लागतो. बेगम पहाटे माझ्या पावलाच्या आवाजानं उठते, मी हाक मारत नाय तिला." आणि मग एकदम लहान पोरासारखा म्हणाला, "माझा पाय हाय तो."

त्या घरात तेव्हापासून एकच गोष्ट चालली होती, नजीरचा पाय. जेवण, झोप, भाडं, सण, सगळं त्याच्यानंतर.

निवृत्तीनं त्या मासिकांतला एक लेख काढला. परदेशात काही डॉक्टर म्हणे पायाला हवेचे पट्टे बांधतात. सुई नाही, चाकू नाही, औषधसुद्धा नाही. हृदय ठोका देतं तेव्हा पट्टे सैल सोडायचे. दोन ठोक्यांच्या मध्ये ते क्षणभर विसावतं, तेवढ्यात पट्टे आवळायचे, म्हणजे पायातलं रक्त जोरानं वर ढकललं जातं. रोज असं करत राहिलं की बंद वाटेच्या आजूबाजूच्या बारीक वाटा हळूहळू रुंद होतात. जनावरांवर करून पाहिलंय.

"मेन रोड बंद असला की आपण गल्ल्यांतून जातो ना, आक्का, तसं."

"आणि गल्ल्या नसल्या तर?"

"असतात," निवृत्ती म्हणाला. "फक्त अरुंद असतात."

नजीरनं हे सगळं मान हलवत ऐकलं. मग घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "आधी बेगमवर करा. तिचा खुलला, तर मग माझा करा." निवृत्ती नाही म्हणाला नाही, हेच नजीरला पुरलं. त्या दिवसापासून घोडीच्या एका पायावर आम्ही दोन पाय टांगून ठेवले.

शिंप्याकडून किंतानाचे जाड पट्टे शिवून घेतले. त्यात फुटबॉलचे ब्लॅडर घातले. तांबट आळीतल्या एका कल्हईवाल्याचा जुना भाता आणला आणि निवृत्तीनं त्याची झडप काढून टाकली. भाता दाबला की हवा नळीतून पट्ट्यांत, उचलला की परत भात्यात. पट्टे निवृत्ती धरणार. नजीर घोडीच्या जबड्याखालची नाडी बोटानं बघणार आणि ओरडून सांगणार. भाता माझ्याकडं, कारण हुस्नबानोला रडण्यातून सवड नव्हती.

पहिल्या दिवशी सगळाच विचका झाला. कधी दाबायचं ते मला कळावं म्हणून नजीरनं तोंडात आलेला शब्द वापरला: "चल!" आता टांग्याच्या घोडीनं जन्मभर ऐकलेला शब्द तो. तिनं दावणीला असा हिसका दिला की भाता एकीकडं, मी एकीकडं आणि निवृत्ती शेणात. त्यानं नजीरला आमच्या वडिलांच्या भाषेत शिव्या दिल्या. खरं तर दोघांची चूक होती. घोडीसमोर तोंड उघडायच्या आधी शब्द ठरवायला हवा होता.

मग उलटं केलं. दाबायचं सांगायचंच नाही. ठोका पडला की सोडायचं तेवढं सांगायचं. आणि नजीर आपोआप म्हणाला, "छोड." संध्याकाळी टांगा सोडताना, साजाचे पट्टे उतरवताना तो बेगमला हेच म्हणायचा. छोड म्हणजे झालं, आता दाणा-चंदी, आता आराम. तो शब्द ऐकल्यावर घोडीनं मान खाली घातली, कान पाडले, एक मागचा खूर नुसता टोकावर टेकवून उभी राहिली. तिचं हृदय मुळातच संथ, त्यात आणखी संथ झालं. छोड, असं नजीर म्हणायचा, मी भाता उचलायचे, मग सावकाश दाबायचे, आणि पुन्हा छोड. शाळा सुटली की रोज हेच. माझे दंड भरून यायचे, फळ्यावर हात उचलेना, पण मी एक दिवस चुकवला नाही. नजीर माझ्या हातांकडं ज्या नजरेनं बघायचा ती नजर मला चुकवू देत नव्हती.

आणि पाय गरम झाला.

आधी हुस्नबानोच्या लक्षात आलं, खरारा करताना. मग त्या पायाला घाम येऊ लागला. मांडीच्या आतली शीर भरून दिसायला लागली. दिवाळीच्या सुमारास बेगम मला घेऊन शालिमारवरून अशोक स्तंभापर्यंत न थांबता गेली. निवृत्तीनं पुन्हा आत हात घातला. मोठी वाट अजून बंदच होती, पण खाली, टाचेच्या वर, जिथं आधी काही लागत नव्हतं तिथं त्याच्या बोटाला ठोका लागला. माझा हा भाऊ मॅट्रिकला पहिला आला तेव्हा हसला नव्हता, तो तिथं गोठ्यात हसला. नजीर खाली वाकला आणि त्यानं घोडीच्या पायाचं चुंबन घेतलं.

वाकताना त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला. तोवर त्याच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती आणि तळव्याला रंग चढायला लागला होता. बसल्या जागीही कळा यायच्या. खाटेवरून पाय खाली लोंबता सोडला तरच जरा थांबायच्या. घरात अगरबत्ती जळायची ती कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं.

"आता माझा," तो म्हणाला.

निवृत्ती पांढरा पडला. "नजीरभाई, मी जनावरांचा डॉक्टर. माणसाला हात लावता येत नाही मला. कायद्यानं नाही."

तेव्हा हुस्नबानो उंबऱ्यातून पुढं आली. सहा महिन्यांत ती निवृत्तीशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती.

"मग त्यांना जनावर समजा ना, डॉक्टरसाब," ती म्हणाली. "आमची ना नाय."

तिच्या तोंडाकडं बघून नाही म्हणणारा माणूस मला दाखवा. पट्टे लहान केले, ब्लॅडर पातळ घेतले. नजीरला खाटेवर निजवलं. पट्टे निवृत्तीकडं, भाता माझ्याकडं, आणि नाडीवर हुस्नबानोचं बोट. तिला समजावलं, ठोका लागला की म्हणायचं, छोड.

तिनं बोट ठेवलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"बाई, हे मी नाय बोलायची," ती म्हणाली. "नवऱ्याच्या अंगावर हात ठेवून छोड म्हणू? आमच्यात घर मोडतं त्या शब्दानं."

"अहो, ते भात्याला सांगायचंय, त्यांना नाही!" निवृत्ती ओरडला.

"अल्लाला काय माहीत मी कुणाला सांगते ते?"

नजीर पडल्या पडल्या हसला. अंगावर काटा आणणारं हसू होतं ते. शेवटी तिनं "हां" म्हणायचं ठरवलं, आणि सुरू केलं. हां. हां. हां. हां.

मी भाता दाबला, तोवर पुढचा हां आला. उचलला, तोवर त्याच्या पुढचा. घोडीच्या दोन ठोक्यांमध्ये माझा हात जाऊन परत येत होता. माणसाच्या दोन ठोक्यांमध्ये जागाच नव्हती. माणसाचं हृदय घोडीच्या दुप्पट धावतं, आणि नजीरचं तर कळांनी, भीतीनं आणि आशेनं त्याहूनही जोरात धावत होतं. मी जीव खाऊन दाबत होते आणि दरवेळी उशिरा पोचत होते. जेव्हा सोडायचं तेव्हा आवळत होते. नजीरनं एकदम छाती धरली. ओठ निळे पडले. निवृत्तीनं पट्टे ओरबाडून काढले.

तरी आम्ही सोडलं नाही. लहान भाता आणला. सायकलचा पंप लावून पाहिला. मी आणि निवृत्ती आळीपाळीनं दाबून पाहिलं. नजीरनं स्वतःच स्वतःची नाडी धरून पाहिली, तर ती बोटाखाली आणखीच उधळली. निवृत्ती सातपूरच्या कारखान्यांतून फिरला. हृदयाचा ठोका स्वतः ऐकेल आणि स्वतः हवा सोडेल असं यंत्र कुणी करून देईल का, असं विचारत. लोकांनी त्याला चहा पाजला. एका फिटरनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, करू, पण सहा-आठ महिने जातील. पाय सहा आठवडे थांबणार नव्हता.

एका दुपारी नजीरनं निवृत्तीला खाटेपाशी बोलावलं. ताप होता त्याला. तळव्याचा काळा रंग घोट्याला टेकला होता.

"डॉक्टरसाब, तुमच्याकडं एखादी सुई असंल ना," तो हळू आवाजात म्हणाला, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून. "दिल हळू करणारी. बेगमसारखं. मग बाईंचा हात पुरंल."

"तसं औषध माझ्याकडं नाही, नजीरभाई."

"बेगमला दिलं नव्हतं का काही?"

"नाही. तिचं असतंच तसं."

नजीर छताकडं बघत राहिला. "तिचं बरंय," तो म्हणाला.

निवृत्ती उठून आमच्या मोरीत गेला आणि नळ सोडून रडला. मला रडू येईना. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं. विडीवर, मासिकावर, माझ्या दंडांवर, की ज्यानं घोडीला सावकाश आणि माणसाला घाईचं काळीज दिलं त्याच्यावर. त्याच्यावर माझा विश्वास नाही, तरी त्या दिवशी मी त्याच्याशी भांडले. मग भात्याला लाथ मारली. ती मलाच लागली.

दोन दिवसांनी ताप डोक्यात गेला. नजीर बरळायला लागला, आणि शुद्धीवर आला तेव्हा त्यानं बायकोचा चेहरा पाहिला. कुणी काही समजावलं नाही. "पाय देतो. टांगा जोडा," तो म्हणाला. मी म्हटलं रिक्षा आणते. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी शरमले. "मी बेगमच्याच टांग्यात जाणार. आन् हाकणार मी."

बेगमला हुस्नबानोनं जोडलं. नजीरला आम्ही तिघांनी उचलून पुढं बसवलं, आजारी पायाखाली गोणपाटाची घडी ठेवली. हुस्नबानो आणि मी मागं. निवृत्ती सायकलवर शेजारून.

सकाळची वेळ होती, रस्ता भरलेला. नजीरनं लगाम हातात घेतले तेव्हा त्याची पाठ पुन्हा पहिल्यासारखी ताठ झाली, आणि घोडी निघाली. शालिमारचा चौक आला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होते. चौकात त्यानं लगाम एकदम सैल सोडले.

"थकली का, बेटा?" तो म्हणाला.

बेगमनं कान हलवले आणि ती पळत राहिली.

पुढं पुन्हा त्यानं लगाम ढिले सोडले. पुन्हा. त्याचं काय चाललंय ते हुस्नबानोला माझ्या आधी कळलं. तिनं माझा दंड घट्ट धरला. "रुक जा ना," तो घोडीला म्हणत होता, अगदी हळू, जशी एखाद्याची मनधरणी करावी तसा. "एक बार, बेटा. जरा रुक जा." लगाम ओढून त्याला तिला केव्हाही थांबवता आलं असतं. पण त्यानं ओढले नाहीत. तिनं स्वतःहून थांबावं, पाय गार पडून थांबावं, रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभं राहावं, एवढंच त्याला हवं होतं. मग कदाचित तो म्हणाला असता, चला, आज राहू द्या, हिला जमत नाही.

आणि सैल लगाम म्हणजे मोकळीक असं समजून बेगम आणखी जोरात निघाली. शेवटी शेवटी तर निवृत्तीची सायकल मागं पडली. त्र्यंबक नाक्यावरून आम्ही दवाखान्याच्या फाटकात शिरलो ते भरधाव, आणि तिथं ती उभी राहिली, चारही पाय सारखे घामेजलेले, चारही सारखे टेकलेले.

वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आले. निवृत्ती धापा टाकत पोचला आणि सायकल तशीच आडवी टाकून नजीरला उतरवायला धावला. नजीरनं त्याच्या खांद्यावर हात टाकला, घोडीच्या उजव्या मागच्या पायाकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, इलाज एकदम पक्का झाला हां तुमचा. कुठंसुद्धा थांबली नाय."

तो टोमणा असता तर निवृत्तीनं सोसला असता. पण नजीर मनापासून म्हणत होता.